अमेरिकेतलं १९५०-६०चं रोजचं जगणं: नेमकं काय हरवलं?

ओसरी
क्लीव्हलंडच्या आमच्या गल्लीत पंच्याहत्तरीपुढची बरीच मंडळी आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांच्या बालपणीच्या आठवणीत मोठमोठ्या घटना फारशा नसतात. असतात त्या अगदी किरकोळ गोष्टी: दूधवाला, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, औषधांच्या दुकानातलं सोड्याचं काउंटर, संध्याकाळी पोर्चवर बसणं, रस्त्यावरचे दिवे लागले की घरी परतायचं हा नियम.

आमचं घर १९५१ सालचं आहे. स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्याला बाहेरून एक दार आणि आतून एक. दूधवाला पहाटे बाहेरचं दार उघडून भरलेल्या काचेच्या बाटल्या ठेवायचा, घरातली बाई आतून काढून घ्यायची. रिकाम्या बाटलीत चिठ्ठी: आज दोन जास्त, लोणी पण. घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केट आली, आणि ही पद्धत हळूहळू बंद पडली.

माझं मत असं की त्या काळात दिवसभराच्या साध्या कामांतच चार माणसं भेटायची, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. हे आपण गमावलंय, आणि ते खरंच मोलाचं होतं. तुम्हाला काय वाटतं? त्या जगण्यातली कोणती एक गोष्ट परत यावी? जे इथे त्या काळात राहिलेत त्यांनी जरूर लिहा.

टिकली
आमच्या डेट्रॉइटच्या जुन्या घरालाही असा कोनाडा आहे! शेजारच्या काकांनी सांगितलं, किल्ली विसरली की घरातल्या सगळ्यात बारक्या पोराला त्यातून आत ढकलायचे. पोरगं अंगाने भरलं की त्याची नोकरी धाकट्याकडे.

वाटसरू
न्यू जर्सीकरांनी हळहळू नये. आपल्याकडे अजून पंपावर माणूसच पेट्रोल भरतो. १९४९चा कायदा आहे, ग्राहकाने स्वतः नळी हातात घ्यायची नाही. ओरेगॉनने २०२३मध्ये नियम सैल केला, तेव्हापासून आपण एकटेच उरलो.

मिहीर_पी
@वाटसरू, पण तो काच पुसतो का? तेल बघतो का? चाकांत हवा? १९६०ला साधारण ३० सेंटला गॅलन होतं आणि त्यात हे सगळं धरलेलं असायचं. किमान वेतन तासाला १ डॉलर होतं, म्हणजे तासाभराच्या मजुरीत तीन गॅलन.

वाटसरू
काच पुसत नाही. पण थंडीत मला गाडीबाहेर उतरावं लागत नाही, तेवढ्यासाठी मी त्या कायद्याला आयुष्यभर दुवा देईन.

रेवती_आयोवा
छान धागा. माझ्या सासूबाई आयोवाच्या, शेतकरी कुटुंबातल्या, जन्म १९३८चा. त्यांच्याकडे हिरव्या स्टॅम्पांची एक अर्धी भरलेली वही अजून आहे. एस अँड एच ग्रीन स्टॅम्प. किराणा घेतला, पेट्रोल भरलं की १० सेंटमागे एक स्टॅम्प मिळायचा. घरी आल्यावर वहीत चिकटवायचे. एका वहीत १,२०० स्टॅम्प, म्हणजे १२० डॉलरची खरेदी झाली की एक वही भरते. मग वह्या घेऊन त्यांच्या केंद्रावर जायचं आणि दिवा, टोस्टर, चादर असं काहीतरी आणायचं. त्यांच्या बैठकीतला दिवा असाच आलाय. घरातल्या पोरांचं काम स्टॅम्प ओले करण्याचं. जिभेने चाटून तोंड कडू व्हायचं म्हणून सासूबाईंनी बशीत ओला स्पंज ठेवलेला असे.

पण धाग्यातल्या प्रश्नावर त्यांना विचारलं तर त्या पहिलं वाक्य काय म्हणाल्या ठाऊक आहे? "सोमवार परत नको." सोमवार धुण्याचा दिवस. रोलर लावलेलं मशीन, कपडा हाताने दोन रुळांमधून सारायचा, बोटं सांभाळायची, मग ओझं उचलून बाहेर दोरीवर. आयोवाच्या जानेवारीत दोरीवरच्या फुलपँट लाकडासारख्या कडक व्हायच्या. मंगळवारी इस्त्री.

सदाफुली
रेवतीताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. दिवा बघायला आवडेल.

इतिहासवेडा
ओसरी, तुमचं लिखाण गोड आहे, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: त्या सोड्याच्या काउंटरवर कोण बसू शकत होतं?

१ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो. चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्टसारख्या वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावती मिळाली. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली, ती नाकारली गेली. त्यांचे पैसे चालत होते, ते स्वतः तिथे बसलेले चालत नव्हते. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, त्यानंतर आणखी. जुलैअखेर काउंटर सर्वांना खुलं झालं. त्यातला एक भाग आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आणि ते टुमदार उपनगर! लाँग आयलंडवरचं लेव्हिटाउन, १९४७ला सुरू, १७,०००हून जास्त घरं. सुरुवातीच्या करारात सरळ अट: गोऱ्या वंशाखेरीज कुणी इथे राहायचं नाही, घरकामाचा नोकर असेल तर चालेल. सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये सांगितलं की अशा अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत. तरी वागणूक तीच राहिली. १९५७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनमध्ये मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा रात्रीमागून रात्री जमाव जमून दगडफेक करत होता.

आणि आपण? १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिकत्व नाही. १९४६ला कायदा बदलला, तेव्हा भारतीयांचा कोटा ठरला वर्षाला १०० माणसं. १९६५च्या कायद्याने दार उघडलं. त्या पोर्चवर आपल्यातलं कुणीही बसलेलं नसतं.

मिहीर_पी
इतिहासवेडा, सगळं मान्य, पण यातून दूधवाल्याची आठवण खोटी कशी ठरते? डेट्रॉइट, पिट्सबर्गच्या कामगाराला एका पगारात घर, गाडी, मुलांचं शिक्षण परवडत होतं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला जवळजवळ एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते. जनरल मोटर्सने १९५०मध्ये वाहन कामगारांच्या युनियनशी पाच वर्षांचा करार केला, त्यात पेन्शन, आरोग्य विमा, महागाईप्रमाणे पगारवाढ. माझ्या आजच्या सहकाऱ्यांना दोन पगारांत घर झेपत नाही. लोक त्या काळाची आठवण काढतात तेव्हा बऱ्याचदा ही निश्चिंती आठवत असतात, दुसऱ्याला हाकलणं नव्हे.

हिरवा_चाफा
घर परवडत होतं, पण कोणतं घर? लेव्हिटाउनचं सुरुवातीचं घर ७५० चौरस फुटांचं. दोन बेडरूम, एक बाथरूम, माळा अर्धवट सोडलेला. आज कुणी बिल्डरने असं घर बांधलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. आणि १९५०च्या जनगणनेत देशातल्या साधारण ३५ टक्के घरांत गरम-गार पाण्याचा नळ, अंघोळीची सोय आणि फ्लश संडास हे तिन्ही मिळून नव्हतं. खेड्यांत, दक्षिणेत तर हालच. जाहिरातींतलं चकचकीत स्वयंपाकघर सगळ्यांचं नव्हतं.

मिहीर_पी
७५० चौरस फुटांचं घर आज कुणी मला परवडेल अशा भावात द्यावं, मी उद्या सामान हलवतो.

टिकली
मीपण. दादरला आम्ही सातजण त्याहून लहान जागेत वाढलो.

डॉ_शमा
उन्हाळ्याच्या आठवणींबद्दल एक. १९५२मध्ये अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले, ३,०००हून जास्त मृत्यू. उन्हाळा आला की आईबापांच्या पोटात गोळा यायचा. पोहण्याचे तलाव बंद, सिनेमागृहात मुलांना बंदी. माझ्या एका वृद्ध पेशंटबाईंना आठवतं की त्यांच्या गल्लीतल्या दोन घरी मुलं आजारी पडली आणि आईने सगळा जुलै त्यांना अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. १२ एप्रिल १९५५ला मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला जाहीर झालं की साल्क यांची लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे. गावोगावी चर्चच्या घंटा वाजल्या. ती पिढी लसीच्या रांगेत आनंदाने उभी राहिली, आणि मला त्या काळातली परत हवी असलेली गोष्ट हीच: सार्वजनिक आरोग्यावरचा तो विश्वास.

सदाफुली
+१ डॉक्टर.

आबा_कॅन्सस
मी १९६३ साली पुण्याहून कॅन्ससला शेतकीच्या पुढच्या शिक्षणासाठी आलो. आता वय झालंय, नात टाइप करते आहे.

तुम्ही सगळे जे लिहिताय ते दोन्ही बाजूंनी खरं आहे, कारण ते माझ्या बाबतीत एकाच आठवड्यात घडलं. कॉलेजच्या गावात केस कापायला गेलो. दुकानदार सभ्यपणे म्हणाला, आम्ही तुमच्यासारख्यांचे केस कापत नाही. 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग आम्ही परदेशी मुलं वसतिगृहात एकमेकांचे केस कापायला शिकलो. तिथून जवळच टोपिका आहे. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल त्याच शहरातल्या खटल्यावर लागला होता, आणि मी आलो तेव्हा त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती.

त्याच आठवड्यात रविवारी गव्हाच्या शेतावरचं एक वयस्क जोडपं मला न्यायला आलं. विद्यापीठात योजना होती, प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला गावातलं एक कुटुंब. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्या बाईंनी टेबलावर मका, बटाटे, घेवड्याच्या शेंगा, घरची ब्रेड आणि 'पाय' या गोड पदार्थाची रास मांडली. पुढची चार वर्षं मी त्या घरचाच झालो. त्यांच्याकडे फोनची लाइन चार घरांत मिळून एक होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी, यांची दोन लांब एक आखूड. पण घंटा सगळ्यांकडे वाजायची, आणि शेजारीण हळूच रिसीव्हर उचलून ऐकायची. मी भारतीय मुलगा येतो हे पंचक्रोशीत अशा रीतीने कळलं. पुढे चर्चमध्ये एकजण मला म्हणाल्या, तुझ्या आईचा ताप उतरला का? मी ही गोष्ट फक्त फोनवर बोललो होतो!

आणखी एक. त्या काळात आपल्याकडे पीएल ४८० कायद्याखाली अमेरिकन धान्य येत होतं. आई पत्रात लिहायची, रेशनवर लाल मिलो (अमेरिकन ज्वारी) मिळतो, भाकरी थापताना मोडते, मुलं खात नाहीत. मी मिलोच्या शेतांत उभा राहून ते पत्र वाचत होतो. कॅन्ससमध्ये तो गुरांचं खाद्य म्हणून पिकायचा. मी ते यजमानांना सांगितलं, तेव्हा ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला शेती खात्याची पत्रकं आणून दिली, मिलोचं पीठ कसं दळावं, गव्हात किती मिसळावं, आणि म्हणाले, आईला पाठव. मी मराठीत लिहून पाठवलं.

ओसरी
आबा, हे वाचून डोळे भरून आले. कृपया वेगळा धागा काढाच. आईंना त्या पत्रकाचा उपयोग झाला का?

आबा_कॅन्सस
झाला. तिने गव्हाचं प्रमाण वाढवून भाकरीऐवजी पोळ्या केल्या. शेजारच्या तिघी शिकून गेल्या.

केतकी_एम
आमच्या सोलापूरकडच्या घरी मिलोचं नाव काढलं तरी आजी तोंड वाकडं करायची. काँग्रेस गवतही त्याच धान्यातून आलं असं ती ठामपणे सांगे.

हिरवा_चाफा
केतकी, ते सगळ्या महाराष्ट्रात सांगतात. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली हे नक्की. पण विषयांतर होतंय, गवतावर धागा आधीच आहे.

मिहीर_पी
माझं पण थोडं विषयांतर. कोका-कोला १८८६पासून १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ५ सेंटला मिळत होता, आधी ग्लासात, मग साडेसहा औंसांच्या बाटलीत. दोन महायुद्धं आणि मंदी झाली, भाव तोच! एक कारण म्हणजे विक्रीची यंत्रं फक्त पाच सेंटचं नाणं घ्यायची, आणि भाव वाढवायचा तर थेट दहाच करावा लागला असता. १९५३मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना साडेसात सेंटचं नाणं काढा म्हणून विनंती केली होती. ती मान्य झाली नाही.

वाटसरू
साडेसात सेंटचं नाणं! पाडगावच्या बाजारात पावणेदोन रुपयांचा हिशोब बोटांवर करणाऱ्या माझ्या आजोबांना ते फार आवडलं असतं.

रेवती_आयोवा
सासूबाईंना आबांचा प्रतिसाद इंग्रजीत सांगितला. त्या म्हणाल्या, फोन चोरून ऐकणारी शेजारीण आमच्याकडेही होती, आणि आई बोलणं संपवताना मुद्दाम तिला "ठेवते गं" म्हणायची.

मिहीर यांच्या एका पगाराच्या मुद्द्यावर त्यांनी मात्र जोरात नकारार्थी मान हलवली. तरुणपणी त्या एका बँकेत होत्या. पोट दिसायला लागलं तसं नोकरीवरून काढलं. तेव्हा तो नियमच होता, कुणाला त्यात चूक वाटत नव्हती. १९७४चा समान कर्जहक्क कायदा येईपर्यंत नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःच्या नावावर कार्ड मिळणं मुश्किल. गरोदरपणामुळे काढणं बेकायदा ठरलं ते १९७८मध्ये. एका पगारात घर चालायचं, कारण दुसरा पगार कमवायला दारच बंद होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना परत काय हवं? कुणाच्या घरी कुणी वारलं की दुपारपर्यंत दाराशी कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाचं भांडं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे परत करायला सोपं. आणि परत करताना ते रिकामं द्यायचं नाही. माझ्या आईचा नियम अगदी हाच होता, तिच्या पातेल्यात परत जाताना निदान साखर तरी असायची.

मिहीर_पी
सासूबाईंचं बरोबर आहे. मी पगाराचा विचार फक्त कमावणाऱ्याच्या बाजूने केला. पेन्शन आणि घराच्या किमतीबद्दल मात्र ठाम आहे.

इतिहासवेडा
आबांच्या प्रतिसादानंतर थोडं वेगळं लिहितो. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत राहणारे टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६पासून 'ग्रीन बुक' काढत होते. गाडीने प्रवासाला निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे केस कापून मिळतील, त्यांची गावनिहाय यादी. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती निघत राहिली. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने जुने अंक नेटवर ठेवलेत. नक्की बघा. त्यात घरगुती खोल्या देणाऱ्या बायकांचे पत्ते आहेत, न्हावी आहेत, शिवणाऱ्या आहेत. म्हणजे ओसरी म्हणतात ती माणसामाणसांतली ओळख तिथेही होती, आणि जास्त घट्ट होती, कारण तिच्यावर रात्रीचा निवारा अवलंबून होता. माझा राग आठवणींवर नाही. आठवणींचं चित्र रंगवताना या बायकांची घरं वगळली जातात, त्यावर आहे.

याच हार्लेमला लागून कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रो संघटनेच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. जून १९५२मध्ये कोलंबियाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आपल्या घरच्या पाणवठ्याचा प्रश्न आणि त्या काउंटरचा प्रश्न किती जवळचे आहेत, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी दिसलं होतं.

सदाफुली
हा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवला. धन्यवाद.

ओसरी
इतिहासवेडा, हे पटलं, आणि माझा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा वाटतो. ओळखीची ती वीण चांगलीच होती. ती ज्यांना नाकारली त्यांच्यासकट परत हवी. गल्लीतल्या मंडळींना मी आता दूधवाल्याबरोबर हेही विचारते, तुमच्या शाळेत कोण नव्हतं? बहुतेकजण मोकळेपणाने सांगतात. कधीकधी त्यांना ते पहिल्यांदाच आठवत असतं.

पोर्च कशाने गेले याबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मते एसीने. पन्नासच्या दशकात खिडकीतले एसी घरांत यायला लागले, टीव्हीही आला. १९५०ला शंभरातल्या दहा घरांतही टीव्ही नव्हता, १९६०ला जवळजवळ नव्वद घरांत होता. बाहेर बसायचं कारणच उरलं नाही.

वाटसरू
नवीन घरांत पुढे गॅरेज, पोर्च मागे डेक होऊन गेला. शेजारी दिसतो तो फक्त कचऱ्याचा डबा बाहेर काढताना.

आबा_कॅन्सस
मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. मला ती यजमान कुटुंबाची पद्धत परत हवी. आज विद्यापीठांत आपलीच शेकडो मुलं येतात, आपापल्यात राहतात, आपलं जेवतात. त्यांना इथल्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसायला मिळत नाही, आणि इथल्या माणसालाही ती टीव्हीवरच दिसतात. केस कापायला नकार देणाऱ्या गावातच मला ते घर मिळालं. त्या जोडप्याला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त नाव नोंदवलं होतं.

टिकली
आबा, आमच्या इथल्या विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणासाठी अजून यजमान शोधतं. मी आत्ताच अर्ज भरला. कोणत्याही देशाचा विद्यार्थी चालेल असं लिहिलंय.

डॉ_शमा
आम्हीपण भरतो. रेवतीताई, सासूबाईंची घेवड्याच्या शेंगांच्या कॅसरोलची कृती द्या.

रेवती_आयोवा
ती १९५५ची कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरातली कृती आहे, सासूबाईंनी काही बदललेलं नाही. शेंगा, मश्रूम सूपचा डबा, दूध, किंचित सोया सॉस, मिरपूड. ओव्हनमधून काढायच्या पाच मिनिटं आधी वरून तळलेला कांदा. पाहुणा शाकाहारी असेल तर डब्यावरचे घटक वाचून घ्या.

केतकी_एम
कांदा? चातुर्मासात आमच्याकडे चालायचा नाही.

हिरवा_चाफा
बहुतेक वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी कार्तिकी एकादशी होऊन गेलेली असते. बिनधास्त घाला.